ताटातून सोयावडी काढण्यापूर्वी : नाशिक जिल्ह्यातील वसतिगृहांच्या भोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील विद्यार्थी वसतिगृहांच्या आणि आश्रमशाळांच्या भोजन समित्यांचे सदस्य, मुख्याध्यापक, अधीक्षक व गृहपाल,
तसेच या समित्यांना आहाराविषयी सल्ला देणारे डॉक्टर यांस,

स.न.वि.वि.

शहरातील एका वसतिगृहाच्या भोजन समितीने यंदा आठवड्याच्या तक्त्यातून सोयावडीची भाजी वगळली आणि तिच्या जागी बटाट्याची रस्साभाजी घातली. ठरावात कारण म्हणून ‘पालकांच्या तक्रारी व आरोग्याचा विचार’ एवढेच शब्द आहेत. तक्रारी कोणत्या होत्या, त्यांची शहानिशा कोणी केली आणि वगळलेल्या भाजीतून मुलांना जे मिळत होते ते आता कोठून मिळणार, यांपैकी कशाचीही नोंद नाही. आणखी काही समित्यांपुढे हाच विषय आला आहे असे कानावर आल्यामुळे हे पत्र एकट्या त्या समितीला न लिहिता आपणा सर्वांना उद्देशून लिहीत आहे.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात अन्नशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर काही वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांना विनामूल्य सल्ला देते. माझे सोयाबीनचे शेत नाही आणि कोणत्याही खाद्यउद्योगाशी माझा आर्थिक संबंध नाही. खरे सांगायचे तर सोयावडी मला स्वतःला फारशी आवडतही नाही. तरीही ती ज्या कारणाने काढली जात आहे ते कारण मला पटत नाही, आणि ती काढताना जे पाहिले जात नाही त्याची मला अधिक काळजी वाटते.

पालकांचा आक्षेप मुख्यतः संप्रेरकांविषयी (हार्मोन्सविषयी) आहे. त्यांचे म्हणणे असे : सोया खाल्ल्याने मुलगे बायकी होतात, त्यांच्या छातीची वाढ होते, पुढे मूल होण्यास अडचण येते, मुलींची पाळी लवकर सुरू होते किंवा बिघडते, थायरॉईड वाढतो. या भीतीला काहीच आधार नाही असे म्हणून ती झटकून टाकणे मला प्रामाणिक वाटत नाही, कारण तिच्या मुळाशी एक खरी रासायनिक वस्तुस्थिती आहे. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, डेडझीन आणि ग्लायसिटीन ही आयसोफ्लेव्होन गटातील द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूची ठेवण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी काहीशी मिळतीजुळती असल्याने पेशींतील इस्ट्रोजेनच्या ग्राहींना, म्हणजे संप्रेरक जेथे चिकटून आपले काम करते त्या जागांना, ती चिकटू शकतात. परंतु या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार आहेत. आयसोफ्लेव्होनचा ओढा बीटाकडे अधिक असतो आणि शरीरातील मूळ संप्रेरकाच्या तुलनेत त्यांचा जोर फारच कमी पडतो. काही ऊतींत ती इस्ट्रोजेनसारखे सौम्य काम करतात, तर काहींत खऱ्या इस्ट्रोजेनची जागा अडवून ठेवतात. म्हणून ‘सोयात स्त्री-संप्रेरक असते’ हे विधान रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे, आणि ‘सोयाचा संप्रेरकांशी काहीच संबंध नाही’ हेही तितकेच चुकीचे आहे.

भीतीचा दुसरा धागा प्राण्यांकडून आला आहे. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांमध्ये वंध्यत्वाची मोठी साथच आली आणि तिचे कारण कुरणांतील एका जातीच्या क्लोव्हर गवतात सापडले. त्या गवतातील याच कुळातील एका द्रव्याचे मेंढीच्या पोटात अधिक प्रभावी पदार्थात रूपांतर होत होते, आणि मेंढ्या दिवसभर दुसरे काही खातच नव्हत्या. पुढे १९८७मध्ये अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांमधील चित्त्यांच्या वंध्यत्वाचा व यकृतविकाराचा संबंध त्यांच्या तयार खाद्यातील सोयाशी जोडला गेला. मांजरकुळातील प्राण्यांचे यकृत अशी द्रव्ये निष्प्रभ करून बाहेर टाकण्यात फारच दुबळे असते. उंदीर-घुशींवरील प्रयोगांतही हाच अडसर आहे, कारण त्यांच्या रक्तात मुक्त स्वरूपातील आयसोफ्लेव्होनचे प्रमाण माणसापेक्षा बरेच जास्त राहते. हे प्रयोग निरुपयोगी नाहीत, त्यांच्यामुळेच प्रश्न विचारला गेला. पण उत्तर शेवटी माणसांतच शोधावे लागते.

आता माणसांविषयी. २००८मध्ये दोन गोष्टी एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या आणि सोयाविरुद्ध आजही फोनवर फिरणाऱ्या बहुतेक संदेशांचे मूळ त्यांतच आहे. पहिली म्हणजे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील साठ वर्षांच्या एका पुरुषाची हकिगत. त्याच्या छातीची वाढ झाली, रक्तात इस्ट्रोजेन वाढलेले आढळले आणि सोयादूध बंद केल्यावर ते पूर्ववत झाले. हे खरे आहे. परंतु हा गृहस्थ दररोज जवळजवळ पावणेतीन ते तीन लिटर सोयादूध पीत होता, हा तपशील संदेशांतून गळून जातो. दुसरी गोष्ट बोस्टनमधील वंध्यत्व चिकित्सालयात आलेल्या ९९ पुरुषांच्या अभ्यासाची. अधिक सोया खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता कमी आढळली, त्यांच्या हालचालीत व आकारात मात्र फरक दिसला नाही. ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. सहभागी आधीच उपचारासाठी आलेले होते आणि संख्या लहान होती. ती दुर्लक्षिण्यासारखी नाही, पण तिच्या एकटीच्या बळावर एखादे अन्न मुलांच्या ताटातून काढावे असेही नाही.

यानंतर उपलब्ध चाचण्या एकत्र करून दोन मोठी विश्लेषणे झाली, एक २०१०मध्ये आणि दुसरे त्यात भर घालून २०२१मध्ये. पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या पातळीवर सोयाप्रथिनाचा अथवा आयसोफ्लेव्होनचा लक्षणीय परिणाम दोन्हींत आढळला नाही, आणि २०२१च्या विश्लेषणात इस्ट्रोजेनच्या पातळीवरही तो आढळला नाही. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती सांगितली नाही तर उद्या कोणीतरी ती माझ्याविरुद्ध वापरेल आणि ते रास्तच ठरेल : या विश्लेषणांच्या लेखकांमध्ये सोयाउद्योगाशी संबंधित संशोधकही होते. त्यामुळे निष्कर्ष आपोआप खोटे ठरत नाहीत, कारण मूळ चाचण्या अनेक देशांत अनेकांनी केलेल्या आहेत. परंतु वाचणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे. शिवाय या चाचण्या प्रामुख्याने प्रौढांवरील आहेत. वाढीच्या वयातील मुलांविषयी तितका भक्कम पुरावा हाताशी नसल्यामुळेच मी पुढे प्रमाणाचा आग्रह धरणार आहे.

मुलांविषयी जे सर्वांत टोकाचे उदाहरण अभ्यासले गेले आहे ते सोया-आधारित शिशुआहाराचे, म्हणजे आईच्या दुधाऐवजी बाळाला देण्याच्या तयार आहाराचे. महिनोन्महिने दुसरे काहीच न घेणाऱ्या तान्ह्या बाळाला शरीराच्या वजनाच्या हिशेबाने जितके आयसोफ्लेव्होन मिळतात तितके मोठ्या माणसाला कधीच मिळत नाहीत. अशा आहारावर वाढलेल्या आणि पुढे २० ते ३४ वर्षांच्या झालेल्या व्यक्तींची गाईच्या दुधाच्या शिशुआहारावर वाढलेल्यांशी तुलना करणारा अमेरिकी अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ८११ जण होते. उंची, वजन, वयात येणे आणि प्रजनन यांत दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक आढळला नाही; सोया-गटातील स्त्रियांची पाळी किंचित अधिक काळ चालत असल्याची नोंद मात्र झाली. २०१०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने अशा शिशुआहाराविषयीच्या चिंतेला आपल्या पाच पायऱ्यांपैकी खालून दुसरी पायरी दिली. अर्थ असा की, शंका पूर्णपणे मिटलेली नाही, पण ती लहान आहे, आणि तीही केवळ सोयावर जगणाऱ्या तान्ह्या बाळांसंबंधी आहे. आठवड्यातून दोनदा भाजी खाणारा सातवीतील विद्यार्थी त्या चौकटीत बसत नाही.

थायरॉईडचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यात तथ्य अधिक आहे. १९५० व १९६०च्या दशकांत आयोडीन न घातलेल्या सोया-शिशुआहारावर वाढलेल्या काही बाळांना गलगंड झाल्याच्या नोंदी आहेत. आयोडीन घालू लागल्यावर तो प्रकार थांबला. प्रौढांत आयोडीन पुरेसे असेल तर सोयामुळे थायरॉईडच्या कार्यात बिघाड होतो असे दिसत नाही. मात्र जी व्यक्ती थायरॉईडसाठी थायरॉक्सिनची गोळी घेते तिच्या आतड्यात त्या गोळीचे शोषण सोयामुळे कमी होऊ शकते, जसे ते लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमुळेही होते. यावरचा उपाय गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवण्याचा आणि रक्ततपासणी वेळेवर करण्याचा आहे. येथे मला एक विसंगती बोचते. ज्या घरांतून थायरॉईडचे नाव काढून सोयावडीला विरोध होतो, त्यांपैकी कित्येक घरांत उपवासापुरते असलेले सैंधव आता ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात आले आहे. देशात खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच विकावे हा नियम २००६पासून लागू आहे तो गलगंड टाळण्यासाठीच. आपल्या वसतिगृहाच्या कोठीघरात कोणते मीठ आहे आणि ते ओलसर जागी उघडे पडलेले आहे का, हे पाहणे थायरॉईडच्या दृष्टीने सोयावडीच्या चर्चेपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ताई मला स्तनाच्या कर्करोगाविषयी विचारतात म्हणून त्याचा थोडक्यात उल्लेख करते. शांघायमध्ये या आजारातून गेलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. आहारात सोया अधिक असणाऱ्या स्त्रियांत आजार उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. सोया हे त्यावरचे औषध आहे असा याचा अर्थ नाही, पण नेहमीच्या आहारातील सोयामुळे कर्करोग बळावतो ही समजूत त्यातून टिकत नाही. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या व अर्क ही निराळी बाब आहे. त्या रुग्णाने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

सोयाच्या बाजूनेही अतिशयोक्ती कमी झालेली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९मध्ये दिवसाला २५ ग्रॅम सोयाप्रथिन हृदयविकाराचा धोका कमी करू शकते असे वेष्टनावर छापण्यास परवानगी दिली आणि जगभर सोयाच्या गुणगानाला जोर आला. त्यानंतरचे अभ्यास एकसारखे निघाले नाहीत, वाईट कोलेस्टेरॉलमधील घट अगदी थोडी, तीन-चार टक्क्यांच्या घरात दिसली, आणि २०१७मध्ये त्याच प्रशासनाने ही परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे जे अमृत म्हणून विकले गेले ते अमृत नव्हते. आपल्याकडे व्यायामशाळांतून मुलांना ‘शंभर ग्रॅम सोयावडीत बावन्न ग्रॅम प्रथिन’ असे सांगितले जाते. तो आकडा कोरड्या वडीचा आहे. भिजल्यावर तीच वडी दोन-तीन पट जड होते आणि भाजीतल्या शंभर ग्रॅमचा हिशेब अर्थातच निम्म्याहून खाली येतो. वसतिगृहातील मोठी मुले हा आकडा ऐकून रोज वाडगाभर सोयावडी मागतात. त्यांनाही नाही म्हणावे लागते, आणि ते म्हणताना संप्रेरकांची भीती घालण्याची गरज नसते. एकाच पदार्थावर सगळा भार टाकू नये एवढे सांगणे पुरते.

सोयाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यात ज्यांची खरोखर काळजी घ्यावी असे काही धोके आहेत, आणि ते पालकांच्या तक्रारीत कुठेच येत नाहीत.

निफाड, सिन्नर, येवला, चांदवड, दिंडोरी या तालुक्यांत खरिपात सोयाबीन घेतले जाते, आणि कांद्यासाठी नावाजलेल्या लासलगावच्या बाजारातही ते विक्रीला येते. त्यामुळे वसतिगृहाला धान्य देणगी देणारे शेतकरी पालक कधी गव्हाबरोबर सोयाबीनचे पोतेही पाठवतात. ते धान्य कच्चेच गव्हात मिसळून दळून आणण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारी प्रथिने असतात. ऑस्बॉर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७मध्येच दाखवून दिले की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात. तव्यावरची पोळी दोन मिनिटांत होते. तेवढ्या कोरड्या आचेवर भरवसा ठेवू नये. सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळून, निथळून, कडक वाळवून मगच दळावे, आणि दहा किलो गव्हात एक किलोपेक्षा अधिक घालू नये.

त्याहून गंभीर गोष्ट बियाण्याची आहे. पेरणीनंतर उरलेल्या सोयाबीन बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, बहुधा त्याचा गुलाबी किंवा लालसर रंगही दिसतो. ते धुऊन, वाळवून, भाजून, कसेही खाण्याजोगे होत नाही. जुलैमध्ये आलेले ‘उरलेले सोयाबीन’ कोठीघरात घेऊच नये, असा लेखी नियम प्रत्येक समितीने करावा. परतीच्या पावसात भिजून काळे पडलेले, बुरशी धरलेले दाणेही स्वस्तात किंवा फुकट मिळतात. ते माणसाच्या आहारात येता कामा नयेत. सोयाच्या भीतीने घाबरलेल्या पालकाला मी हीच गोष्ट सांगते की बाबा, संप्रेरकांआधी पोते उघडून पाहा.

ॲलर्जी हा तिसरा खरा धोका. सोयाबीन हे ज्या मोजक्या अन्नपदार्थांमुळे ॲलर्जी होते त्यांपैकी एक आहे, आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या वेष्टन नियमांनुसार त्याचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. अशी मुले थोडी असतात, परंतु त्यांच्यासाठी प्रमाणाचा प्रश्नच उरत नाही. बिस्किटे, तयार मसाले, सूपची पाकिटे यांतही सोया असते, म्हणून नुसती भाजी वगळून भागत नाही. मूत्रपिंडाचा आजार किंवा वारंवार मुतखडे होणारा विद्यार्थी असेल तर त्याच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण तेथे प्रथिन, फॉस्फरस आणि ऑक्झलेट यांचा विचार करावा लागतो.

जनुकीय बदल केलेल्या सोयाविषयीही विचारणा होते. भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. २०२१मध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करू दिली तेव्हा ती जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यासाठी होती. आयात होणाऱ्या सोयातेलाची गोष्ट निराळी, पण तेलाच्या डब्याविषयी कोणत्याही पालकाने तक्रार केल्याचे मला आठवत नाही, आणि तेल तर रोज तिन्ही वेळा वापरले जाते.

मग मुले सोयावडीची भाजी टाकून का देतात? माझ्या पाहण्यात याचे कारण बहुतेक वेळा चुलीजवळच सापडते. वड्या गरम पाण्यात पुरेशा भिजवल्या जात नाहीत, पिळल्या जात नाहीत आणि पहिले पाणी तसेच रश्श्यात जाते. मग उग्र वास येतो, पोट फुगते, आणि त्या अनुभवावर फोनवरचा संदेश सहज चिकटतो. गरम पाण्यात मीठ घालून वड्या भिजवाव्यात, दोन-तीन पाण्यांतून घट्ट पिळून काढाव्यात, आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मुरू द्याव्यात. एवढ्याने निम्म्या तक्रारी थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. शंभर मुलांचा स्वयंपाक दोन बायकांवर टाकला की पिळण्याचे काम पहिल्यांदा सुटते, हेही समितीने लक्षात घ्यावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिले तिच्याकडे येते. २५ ग्रॅम कोरड्या सोयावडीतून साधारण १२ ते १३ ग्रॅम प्रथिन मिळते. तेवढेच तूरडाळीतून मिळवायचे तर ५५ ते ६० ग्रॅम कोरडी डाळ लागते, अंड्यांतून मिळवायचे तर दोन अंडी. बटाट्यातून मिळवायचे तर एका मुलाला अर्ध्या किलोहून अधिक बटाटे खावे लागतील. सोयावडीच्या जागी रस्साभाजी घातली तेव्हा ताट भरलेले दिसले, पण त्यातला कस निघून गेला. पंतप्रधान पोषण योजनेत प्राथमिकच्या मुलाला एका जेवणात १२ ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिन मिळावे असा निकष आहे. वसतिगृहात तर तिन्ही वेळचे जेवण आपल्याच हाती असते. घरून डबा येत नाही.

हे कोणत्या मुलांविषयी चालले आहे, याचाही विचार व्हावा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण, इगतपुरी या तालुक्यांतून मुले आश्रमशाळांत आणि शहरातील वसतिगृहांत येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. तीच पिढी आता शाळेत येत आहे. जानेवारी २०२५मध्ये शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा राज्याचा स्वतंत्र निधी थांबला. दूध महाग आहे, डाळ महाग आहे. प्रथिनाचा जो स्वस्त मार्ग उरला आहे तोही पुरेशा विचाराविना बंद केला, तर त्याची किंमत ठराव करणारे आपण देणार नाही.

धान्यकडधान्यात खरोखरचे विष असू शकते हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. विदर्भात पिकणाऱ्या लाखोळी डाळीत मज्जासंस्थेला इजा करणारे द्रव्य असते आणि दुष्काळी काळात महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यावर माणसे पायांनी अधू झाली. १९६१मध्ये तिच्या विक्रीवर केंद्रीय नियमाने बंदी आली. तेथे आजार ठरावीक होता, रुग्ण गावोगाव दिसत होते, कारणीभूत द्रव्य सापडले होते आणि किती काळ किती खाल्ल्यावर काय होते याचा अंदाज होता. सोयाबाबत यांतले काही दाखवता येत नाही. चीन, जपान, कोरिया, इंडोनेशिया या देशांत पिढ्यान्‌पिढ्या ते रोजच्या जेवणात आहे. जपानमधील प्रौढांच्या आहारात दिवसाला साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात. आपल्या मुलाला २५ ग्रॅम कोरड्या वडीतून एका वेळी जवळपास तेवढेच मिळतील, आणि आठवड्यातून दोनदा दिले तर दिवसाची सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही खाली येते. मुलाचे वजन प्रौढाहून कमी असते हे धरूनही यात धास्ती घेण्यासारखे मला काही दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की सोयावडी आठवड्यातून दोन वेळा, फार तर तीन वेळा, एका मुलामागे २० ते २५ ग्रॅम कोरड्या प्रमाणात ठेवावी. रोज ठेवू नये. बाकीच्या दिवशी मटकी, हरभरा, मसूर, उडदाचे घुटे, हुलग्याचे शेंगोळे, जमेल तेथे अंडी यावीत. सोयाचे आणि कडधान्याचे प्रथिन भात-पोळीच्या जोडीने अधिक चांगले उपयोगी पडते, आणि जेवणात लिंबू किंवा आवळा असेल तर लोहाचे शोषणही सुधारते, कारण सोयातील फायटेट नावाची द्रव्ये लोह व जस्त काहीसे अडवून धरतात. ज्या पालकाला आपल्या मुलाने सोया खाऊ नये असे वाटते त्याच्या इच्छेचा मान ठेवावा, त्यासाठी त्याच्याकडून वैद्यकीय दाखला मागू नये. पण एका घरच्या नकारामुळे सगळ्यांचे ताट बदलू नये. ज्यांना ॲलर्जीचा दाखला आहे त्यांची यादी स्वयंपाकघरात लावावी आणि त्यांच्यासाठी भांडी व पळ्या वेगळ्या ठेवाव्यात.

आणि तरीही एखाद्या समितीने सोयावडी काढण्याचेच ठरवले तर तो तिचा अधिकार आहे. सोया खाल्लेच पाहिजे असे काही नाही. माझी मागणी एवढीच आहे की त्याच ठरावात, त्याच ओळीखाली, तिच्या जागी कोणते प्रथिन, किती ग्रॅम आणि कोणत्या खर्चातून येणार हे लिहिले जावे. ते लिहिता येत नसेल तर ठराव पुढे ढकलावा.

समित्यांना सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना स्वतंत्र विनंती आहे. तपासणीच्या गर्दीत ‘सोया बंद करा’ हे तीन शब्द सहज सांगितले जातात, आणि बाहेर पडेपर्यंत ते ‘डॉक्टर म्हणाले सोया वाईट’ असे होऊन वसतिगृहापर्यंत पोहोचतात. थायरॉईडची गोळी चालू असेल तर अंतर ठेवायला सांगावे. ॲलर्जी असेल तर तसे लिहून द्यावे. वयात येणाऱ्या मुलाच्या छातीत थोडी गाठ किंवा दुखरेपणा आला तर तो त्या वयात पुष्कळ मुलांत आपोआप येतो व बहुधा आपोआपच जातो, हे त्याला आणि त्याच्या वडिलांना समजावून सांगावे. त्या मुलाला वर्गात काय काय ऐकावे लागते याची कल्पना आपणा सर्वांना आहे, आणि त्याचे खापर आदल्या रात्रीच्या भाजीवर फोडणे सर्वांना सोयीचे वाटते. आपण वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीसाठी वसतिगृहात जाता तेव्हा उंची-वजनाच्या नोंदीबरोबर त्या आठवड्याचा भोजनतक्ताही मागून पाहावा आणि त्यावर आपले मत लेखी द्यावे.

ज्या समित्यांना आपल्या तक्त्यातील प्रथिनांचा हिशेब करून हवा असेल त्यांनी आठवड्याचा तक्ता, मुलांची संख्या आणि कोठीघरातून रोज निघणाऱ्या धान्य-डाळीच्या वजनाची नोंदवही तयार ठेवावी. मी येऊन तो करून देईन. त्यासाठी मानधन नको, पण स्वयंपाक करणाऱ्या ताईंना त्या बैठकीत बसवावे, ही अट आहे.

कळावे,

आपली नम्र,
अन्नशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
नाशिक